पॅरिशच्या नोंदवहीत दोन विल्यम, त्यातला आमचा कोणता?

पानगळ
मंडळी, एका गुंत्यात महिनाभर अडकले आहे, म्हणून धागा काढतेय. नवऱ्याचं घराणं इंग्लंडमधल्या एका शेतीवाडीच्या खेड्यातलं. (गाव आणि आडनाव मुद्दाम देत नाही, हयात नातेवाईक आहेत.) वंशावळीचं खूळ लेकीचं होतं. ती आठवड्याभरात कंटाळली आणि आता रात्री एक वाजता मी जुन्या वह्यांची पानं चाळत बसलेली असते.

१८३७ पर्यंत मागे जायला काही त्रास झाला नाही. १ जुलै १८३७ पासून तिथे सरकारी नोंदणी सुरू झाली, त्यामुळे जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले मागवता येतात. १८४१ पासूनच्या जनगणनांत घरातली माणसं नावानिशी सापडतात. १८५१ च्या जनगणनेत आमचा विल्यम आहे: वय ६५, शेतमजूर, जन्म त्याच पॅरिशमधला (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गाववस्ती). म्हणजे जन्म साधारण १७८५-८६ चा. त्याच्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवहीशिवाय गत्यंतर नाही.

इंडेक्समध्ये (वहीतल्या नावांच्या सूचीत) आमच्या आडनावाचे दोन विल्यम निघाले. एकाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७८४ मध्ये, वडील थॉमस, आई मेरी. दुसऱ्याचा ऑक्टोबर १७८६ मध्ये, वडील थॉमसच, पण आई अ‍ॅन. ऑनलाइन वंशावळींत जवळजवळ चाळीस जणांनी दुसराच धरलाय आणि त्या थॉमसवरून थेट १५९० पर्यंत मजल मारली आहे.

विल्यमचं लग्न १८०९ चं, त्याच चर्चमध्ये. त्या नोंदीत आईवडिलांची नावंच नाहीत. सहीच्या जागी फुली. आडनावापुढे काहीतरी खरडलंय, पण शाई फुटली आहे, त्यामुळे ते वाचायच्या भानगडीत पडले नाही.

तर कोणता धरू? चाळीस लोक चुकतील असं वाटत नाही.

उंबरठा
चाळीस जणांनी धरलाय म्हणजे एकाने धरलाय आणि एकोणचाळीस जणांनी उचललाय.

दौतटाक
उंबरठा म्हणतात त्यात तथ्य आहे. पानगळताई, तुमचा प्रश्नच थोडा उलटा करू. यातला आमचा कोणता हे नंतर बघा. आधी यातला आमचा नक्की कोणता *नाही*, ते शोधा. सोप्या भाषेत, दोघांनाही मारून बघा. जो मरत नाही तो तुमचा, असलाच तर.

बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी थांबायची चूक आपण सगळेच करतो. मूल सापडलं की आनंद होतो आणि पुढची पानं बघायची राहतात. त्या काळात पाच वर्षांच्या आतली किती मुलं जात याचा अंदाज दफनाच्या वह्या बघितल्याशिवाय येत नाही. एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची सर्रास पद्धत होती. त्यामुळे एकाच आईबापाचे दोन किंवा तीन विल्यमही सापडतात. तुमच्या दोघांच्या आया वेगळ्या आहेत, म्हणजे एक तर थॉमस दोन होते, किंवा मेरी वारली आणि थॉमसने दुसरं लग्न केलं. दफनाच्या वहीत १७८४ ते १७८६ च्या दरम्यान 'मेरी, थॉमसची बायको' आहे का बघा.

मग १७८४ पासून पुढची सगळी दफनं, लग्नं आणि पुढच्या पिढीचे बाप्तिस्मे बघा. सगळी म्हणजे सगळी. इंडेक्समध्ये नाव टाकून शोधू नका, प्रत्यक्ष पानाचं चित्र उघडून ओळ न् ओळ वाचा. लहानशा खेड्याच्या पाच वर्षांच्या नोंदी काही पानांतच मावतात, एका संध्याकाळचं काम आहे.

आणखी एक. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. बहुतेकांचा काही आठवड्यांत होई, पण चार भावंडांचा एकाच दिवशी उरकलेलाही मी पाहिलाय. जनगणनेतल्या वयावरही फार भिस्त ठेवू नका. १८४१ मध्ये तर मोठ्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहायची सूचनाच होती.

खडूफळा
धागा आवडीचा निघाला, म्हणून थोडं मागचं सांगतो. ही वही ठेवायचा हुकूम आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत थॉमस क्रॉमवेलने सप्टेंबर १५३८ मध्ये काढला. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांची नोंद आठवड्याला रविवारी करायची, वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी चर्चच्या वॉर्डनांकडे. नोंद चुकली तर ३ शिलिंग ४ पेन्स दंड. लोकांना वाटलं, हा नव्या कराचा डाव आहे. (अगदीच खोटं नव्हतं, पण ते अडीचशे वर्षांनी.)

पहिल्या वह्या साध्या कागदाच्या, बऱ्याच कुजल्या. १५९८ मध्ये हुकूम निघाला की चर्मपत्राच्या वह्या करा आणि जुन्या नोंदी त्यात उतरवा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी. राणी गादीवर आली १५५८ मध्ये. म्हणून असंख्य पॅरिशच्या वह्या १५५८ लाच सुरू होतात. आळशी कारकुनांनी त्या 'निदान'चा पुरेपूर फायदा घेतला.

त्याच हुकुमाने दरवर्षीच्या नोंदींची एक नक्कल बिशपकडे पाठवायची ठरली. मूळ पान फाटलं, उंदरांनी खाल्लं, शाई उडाली, तर ही नक्कल कामी येते. कधी नकलेत मूळ वहीपेक्षा एखादा शब्द जास्तही असतो. पानगळ, तुमच्या त्या फुटलेल्या शाईसाठी हे लक्षात ठेवा.

रातकिडा
मध्येच घुसतोय, रागावू नका. माझ्या एका मित्राच्या पूर्वजांचं लग्न एप्रिल १७३५ चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३५ चा! मित्र आजीला सांगायलाही घाबरतोय.

दौतटाक
आजीला खुशाल सांगा. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे एप्रिल १७३५ आधी आला आणि फेब्रुवारी १७३५ त्याच्या दहा महिन्यांनी. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७३६ चा. टिपून ठेवताना १७३५/३६ असं लिहितात. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला लागू लागलं, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला.

रातकिडा
आजीचा जीव भांड्यात.

भुईकमळ
मी स्वीडनमध्ये असते. इथली चैन बघून तुम्हाला हेवा वाटेल. १६८६ च्या चर्च कायद्यानंतर इथले पाद्री घरोघरी जाऊन लोकांना धर्मप्रश्नोत्तरं येतात का, वाचता येतं का, याची परीक्षा घेत. त्यासाठी ठेवलेल्या वहीत एकेका घराला एकेक जागा. नवरा, बायको, मुलं, गडी, मोलकरणी, प्रत्येकाची जन्मतारीख, कोण कुठल्या पॅरिशमधून आलं आणि कुठे गेलं, सगळं. माणूस पानावरून पानावर चालत जाताना दिसतो. राष्ट्रीय अभिलेखागाराने हे सगळं २०१८ पासून फुकट खुलं केलंय. अडचण एकच, बापाच्या नावावरून आडनाव. अँडर्सचा मुलगा अँडर्सन, त्याचा मुलगा पेर असेल तर त्याची मुलं पेर्सन. आडनाव धरून शोधत बसलात की संपलंच.

उंबरठा
आयर्लंडवाल्यांनी काय करायचं? सगळं जळालं म्हणतात.

दौतटाक
'सगळं' नाही. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार जळालं, त्यात चर्च ऑफ आयर्लंडच्या (तिथलं प्रॉटेस्टंट चर्च) असंख्य वह्या गेल्या. पण कॅथलिक वह्या तिथे नव्हत्याच, त्या आपापल्या पॅरिशमध्ये होत्या. त्यांच्या मायक्रोफिल्म आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन टाकल्या. त्यातल्या लॅटिनला घाबरू नका, वीस-पंचवीस शब्दांत भागतं. आणि तिथल्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. इंग्लंडच्या वहीत तेवढं असतं तर निम्मे धागे निघालेच नसते.

पानगळ
तीन रात्री बसून १७८० ते १८३७ ची सगळी पानं वाचली. डोळ्यांची वाट लागली आहे, पण सांगते.

ऑक्टोबर १७८६ चा विल्यम मार्च १७८८ मध्ये पुरला गेला. 'विल्यम, थॉमस आणि अ‍ॅन यांचा मुलगा, अर्भक.' स्वच्छ अक्षरात. चाळीस जणांचा पूर्वज दीड वर्षाचा होऊन गेला आणि कुणी पान उलटून बघितलं नाही.

मग मला वाटलं, चला, १७८४ चा आपला. पण तोही हाती लागला नाही. त्याचं लग्न १८०६ चं, वेगळ्याच मुलीशी, आणि सही झोकदार. (आमच्याची फुली!) पुढे त्याला सहा मुलं झाली. १८१३ नंतरच्या बाप्तिस्म्यांत बापाचा धंदाही दिलाय, हा चाकं करणारा सुतार. १८२९ मध्ये त्याचं दफन, वय ४५. आमचा तर १८५१ मध्ये जिवंत आहे.

थॉमस दोन होते हेही कळलं, दोघांच्याही बायका त्या वेळी हयात होत्या. पण आता माझ्याकडे एकही विल्यम उरला नाही. होते त्यापेक्षा मागे आले.

खडूफळा
मागे नाही आलात, खोट्या वाटेवरून परत आलात. १८१३ नंतर धंदा आणि राहायचं ठिकाण मिळतं ते १८१२ च्या कायद्यामुळे. छापील रकान्यांच्या वह्या आल्या, दफनात वय लिहायचं बंधनकारक झालं. त्याआधी सगळं पाद्र्याच्या मर्जीवर. एखादा बापाचा धंदा, आजोबांचं नाव, मृत्यूचं कारण, सगळं लिहायचा आणि त्याच्या जागी आलेला नुसतं 'एक मूल पुरले'.

रातकिडा
कदाचित तो चर्चमध्ये गेलाच नसेल? म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या पंथातला, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे?

दौतटाक
शक्यता चांगली आहे. १७५४ ते १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून बाकी सगळ्यांना कायदेशीर लग्न सरकारी चर्चमध्येच लावावं लागे. त्यामुळे लग्न पॅरिशच्या वहीत आणि मुलांचे बाप्तिस्मे भलतीकडे, असं होतं. त्या पंथांच्या वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा केल्या, त्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

पण त्याआधी एक राहिलंय. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंत, लग्नाच्या नोंदीत आडनावापुढे काहीतरी खरडलंय. त्याच नोंदीला हात न लावता आपण सगळा गाव पालथा घालतोय. ते काय आहे?

पानगळ
इंडेक्समध्ये फक्त आडनाव आहे, म्हणून मी ते कारकुनाचं लेखणी आपटणं समजले. चित्र मोठं करून बघितलं. आडनाव, मग तीन अक्षरं, पहिलं ए, दुसरं उभी रेघ, तिसरं एसच्या वळणाचं. मग आर किंवा के पासून सुरू होणारा एक शब्द, तो शाईत बुडालाय.

दौतटाक
ए, एल, एस. 'ऑल्स' नव्हे, 'एलियस'चं संक्षिप्त रूप! मोडी वाचलेल्यांना सांगायला नको, लिहिणाऱ्याचा हात वाचणाऱ्याचा विचार करत नाही. जॉनचं जे-एन-ओ, विल्यमचं डब्ल्यू-एम, ख्रिस्तोफरचा एक्सने सुरू होणारा अवतार, सगळं याच घाईतलं.

एलियस म्हणजे इथे गुन्हेगाराचं टोपणनाव नव्हे. हा माणूस दोन आडनावांनी ओळखला जातो, एवढाच अर्थ. कधी इस्टेटीमुळे, कधी घराण्यातच दोन नावं चालत आल्यामुळे, आणि फार वेळा आईचं लग्न व्हायच्या आधी जन्मल्यामुळे. कारकुनाला ते ठाऊक होतं. लग्नाला पुढे कुणी हरकत घेऊ नये म्हणून त्याने दोन्ही नावं लिहिली. दुसरं आडनाव वाचा. खडूफळांनी सांगितलेली बिशपकडची नक्कल बघा, १८०९ ची असायला हवी.

पानगळ
मिळाली!! नकलेत शाई फुटलेली नाही. दुसरं आडनाव आरनेच सुरू होतं.

आणि आता बसलेल्या असाल तर ऐका. ते आडनाव घेऊन बाप्तिस्म्याच्या वहीत गेले. सप्टेंबर १७८५. 'विल्यम, एलिझाबेथचा अनौरस मुलगा.' बापाची जागाच नाही. हे पान मी आधी दोनदा वाचलंय! १७८४ चा विल्यम याच पानावर वर आहे आणि हा खाली. मी आमचं आडनाव शोधत होते, म्हणून नजर त्याच्यावरून घसरून गेली.

नोंदीच्या कडेला एक 'पी' काढलाय. तो काय?

खडूफळा
मघाशी म्हणालो ना, कराची भीती अडीचशे वर्षांनी खरी झाली? हाच तो. १७८३ ते १७९४ चर्चच्या प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता. दरिद्री माणसाला माफ, आणि त्याची खूण म्हणून 'पी' (पॉपर, म्हणजे दरिद्री). कर टाळायला धडधाकट लोकही कधी कधी दरिद्री म्हणून लिहून घेत, आणि काहींनी मुलांचे बाप्तिस्मे १७९४ नंतर उरकले. त्यामुळे नुसत्या 'पी'वरून गरिबीचा निकाल देऊ नका. पण एकटी बाई, अनौरस मूल, इथे तो खराच असावा.

उंबरठा
अभिनंदन, पण मी टोचणारच. तो विल्यम आणि तुमचा विल्यम एकच कशावरून? आर आडनावाचा आहे एवढंच सिद्ध झालं. तुमचं आडनाव त्याला कुठून आलं?

पानगळ
बरोबर टोचलंत, कारण तेच शोधत होते. एलिझाबेथचं लग्न या पॅरिशच्या लग्नवहीत नाही. पण १७५४ पासून बॅन्सचीही नोंद ठेवत. बॅन्स म्हणजे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारायची, आणि वधू-वर दोन पॅरिशचे असतील तर दोन्हीकडे. आमच्या पॅरिशच्या वहीत १७८९ चे तिचे बॅन्स आहेत, आणि वर शेजारच्या पॅरिशचा. आडनाव आमचंच! या भागात ते आडनाव पैशाला पासरी आहे, म्हणून तर थॉमसही दोन. लग्न शेजारच्या चर्चमध्ये लागलं, दोघांच्याही फुल्या. पुढे त्यांच्या तीन मुलींचे बाप्तिस्मे तिथेच आहेत. आणि १८०९ च्या आमच्या विल्यमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून त्यातल्याच एकीच्या नावाची मुलगी आहे.

आर आडनावाच्या विल्यमचं दफन दोन्ही पॅरिशमध्ये कुठेही नाही. तेही बघितलं, तुमचा टोमणा येणार हे माहीत होतं.

उंबरठा
मान्य. टोपी काढली.

दौतटाक
फार सुंदर काम. आता बापाचं. चर्चच्या वहीत तो मिळणार नाही, पण पॅरिशच्या पेटीत मिळू शकतो. अनौरस मुलाचा खर्च पॅरिशवर पडे, म्हणून गरिबांची व्यवस्था बघणारे ओव्हरसीअर त्या बाईला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून बापाचं नाव वदवून घेत आणि त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेत. हेतू दयेचा नव्हता, पैसे वाचवायचा होता. पण आपल्याला नाव मिळतं. ही कागदपत्रं ऑनलाइन क्वचितच असतात. कौंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला पॅरिशचं नाव आणि १७८५-८६ ही सालं कळवा. ओव्हरसीअरच्या हिशेबाच्या वह्याही मागा, तिला आठवड्याला किती दिले ते त्यात असतं.

आणि फॅमिलीसर्च, फ्रीरेग यांच्यासारख्या फुकटच्या वेबसाइटवर हुडकताना आता दोन्ही आडनावं टाका.

भुईकमळ
त्या चाळीस जणांना कळवलंत का?

पानगळ
सहा जणांना लिहिलं, पानांची चित्रं जोडून. दोघांनी दुरुस्त केलं. एकाने उत्तर दिलं की १५९० पर्यंतची वंशावळ भिंतीवर फ्रेम करून लावली आहे, आता राहू दे. बाकीचे गप्प.

खरं सांगू, मलाही आधी वाईट वाटलं. दोनशे वर्षांचे पूर्वज एका ओळीत गेले. आडनावसुद्धा सावत्र बापाचं निघालं. पण त्या एलिझाबेथला मी आता त्या सगळ्या थॉमसांपेक्षा जास्त ओळखते.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलंय. हमीपत्रं त्या पॅरिशची शिल्लक नाहीत, हिशेबाच्या वह्या आहेत. पुढच्या गुरुवारी नवरा आणि मी जाऊन बघणार. पेन न्यायचं नाही, शिसपेन्सिल चालते, असं बजावलंय.

लेक परत आली आहे या भानगडीत. तिने तक्त्यातला थॉमसचा चौकोन खोडला आणि विचारते, एलिझाबेथचे आईवडील कोण? ती त्याच गावची असेल तर तिचा बाप्तिस्मा १७६० च्या आसपास सापडायला हवा. दोन एलिझाबेथ निघाल्या नाहीत म्हणजे मिळवली.

उंबरठा
तीन निघतील.